बावन्न आठवड्यांची उसनवारी

८०, ४८, २९, १५, ७, ०.

मटक्याचे आकडे नव्हेत, घाबरू नका :) पुण्यात बालेवाडीला २०१५ च्या ऑक्टोबरअखेरीस टेनिसची जी चॅलेंजर स्पर्धा झाली, तिच्या एकेरीत कुणाला किती गुण मिळणार याचं हे कोष्टक आहे. विजेत्याला ८०, उपविजेत्याला ४८, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांना २९, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्या चौघांना १५, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या आठ जणांना ७ आणि पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळणाऱ्या सोळा जणांना भोपळा. बत्तीस खेळाडू, एक आठवडा, आणि एकेरी-दुहेरी मिळून बक्षिसाची रक्कम पन्नास हजार डॉलर. त्यातला एकेरीच्या विजेत्याचा चेक ७,२०० डॉलरचा, पहिल्या फेरीत हरणाऱ्याचा ५२० चा. तेव्हाच्या दराने ५२० डॉलर म्हणजे साधारण चौतीस हजार रुपये. त्यातून कर जाणार, विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटचं गटिंग, आणि ज्याला परवडतो त्याच्या कोचचा खर्च. बाकी किती राहते ते तुम्हीच बघा. बहुतेक वेळा ती उणे येते.

हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण एक वाक्य आहे. घरात टेनिसचा विषय निघाला की आमचे काका हे वाक्य हमखास टाकतात. "अरे, तो युकी भांब्री... केवढा गाजावाजा झाला होता त्याचा. पुढे काही झालं नाही." काकाच कशाला, आपण सगळेच असं बोलतो. प्रज्ञेशबद्दल बोलतो, रामकुमारबद्दल बोलतो, हल्ली सुमित नागलबद्दलही बोलायला लागलो आहोत. ग्रँड स्लॅमच्या बातम्यांत नाव दिसेनासं झालं की माणूस आपल्या लेखी संपला. मला हे वाक्य फार खटकतं. तो खेळाडू आपल्या गावाचा किंवा देशाचा आहे म्हणून खटकतं असं नाही. खालच्या पायरीवरचं टेनिस कसं चालतं हे ठाऊक असेल, तर हे वाक्य तोंडातून निघणारच नाही असं मला वाटतं. म्हणून हा थोडा इतिहास, आणि त्यातली बरीचशी उदाहरणं आपल्या बालेवाडीचीच.

आधी गुणांची ही भानगड आली कुठून ते बघू.

१९७३ च्या आधी कुठल्या स्पर्धेत कुणाला घ्यायचं हे बरंचसं आयोजकांच्या मर्जीवर असे. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो आत. बाकीच्यांनी विनंतीची पत्रं पाठवायची आणि वाट बघायची. २३ ऑगस्ट १९७३ ला एटीपीने, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंनी आदल्याच वर्षी काढलेल्या संघटनेने, संगणकावर मांडलेली पहिली जागतिक क्रमवारी जाहीर केली. पहिल्या क्रमांकावर रुमानियाचा इली नस्तासे होता. तेव्हापासून प्रवेश आकड्यावर ठरायला लागला. ओळख नको, वशिला नको, गुण दाखवा आणि आत या. माझ्या मते खेळांच्या इतिहासातली ही एक मोठी सुधारणा आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पण मग प्रश्न आला की नव्या पोराने गुण मिळवायचे कुठे? मोठ्या स्पर्धेत शिरायला गुण हवेत, आणि गुण मोठ्या स्पर्धेत. नोकरीला अनुभव हवा आणि अनुभवाला नोकरी हवी, तसलाच प्रकार. त्यावर उपाय म्हणून खालच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. १९७८ मध्ये चॅलेंजर स्पर्धा सुरू झाल्या. त्यांच्याही खाली सॅटेलाइट होत्या, म्हणजे एकाच देशात सलग काही आठवडे चालणारी स्पर्धांची साखळी, आणि शेवटी सगळ्याचा मिळून हिशेब. १९९८ मध्ये एकेका आठवड्याच्या फ्युचर्स आल्या, आणि २००६ नंतर सॅटेलाइट बंद झाल्या. आता सगळ्यात खाली आयटीएफच्या स्पर्धा, मधे चॅलेंजर, वर एटीपी टूर, आणि माथ्यावर चार ग्रँड स्लॅम असा हा जिना आहे.

या जिन्यात एक फार महत्त्वाचा आकडा आहे, १०४. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. त्यातले १६ पात्रता फेरीतून येतात, ८ जणांना वाइल्ड कार्ड मिळतं. उरले १०४. म्हणजे जगात साधारण शंभराच्या आत असाल तर वर्षातून चार वेळा थेट प्रवेश. आणि तिथे पहिल्या फेरीत हरलात तरी काय मिळतं? २०१६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ३८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर होते. बालेवाडीत पाच सामने लागोपाठ जिंकून मिळणारे ७,२०० अमेरिकन डॉलर आणि मेलबर्नला एक सामना हरून मिळणारी ही रक्कम शेजारी ठेवून बघा. चॅलेंजरमध्ये खेळणारा माणूस करंडकासाठी किंवा त्या आठवड्याच्या चेकसाठी खेळत नसतो. तो शंभराच्या आत शिरण्यासाठी खेळत असतो.

आता मुख्य मुद्दा. हे गुण कायमचे नसतात.

टेनिसच्या क्रमवारीत गेल्या बावन्न आठवड्यांचा हिशेब धरतात. आज मिळालेले ८० गुण पुढच्या वर्षी याच आठवड्यात खात्यातून निघून जातात. म्हणजे बरोबर एक वर्षाने गुणांचं वर्षश्राद्ध! तेवढे नवे मिळवले तर तुम्ही होतात तिथेच राहता. कमी मिळाले की घसरलात. आणि त्या आठवड्यात तुम्ही खेळता आहात, आजारी आहात की ऑपरेशन टेबलावर आहात, याच्याशी संगणकाला देणंघेणं नाही. क्रिकेटमध्ये एखाद्याने केलेलं शतक त्याच्या नावावर जन्मभर राहतं. टेनिसमध्येही विजेतेपद नावावर राहतं, पण त्या विजेतेपदाने जे दार उघडलेलं असतं ते वर्षभराने बंद होतं. म्हणून मी याला उसनवारी म्हणतो. कमाई वाटते, पण असते उसनी, आणि परतफेडीची तारीख पहिल्या दिवशीच ठरलेली.

मोठमोठ्यांना ही परतफेड जमली नाही, तिथे इतरांचं काय. सगळ्यात गाजलेलं उदाहरण आंद्रे अगासीचं. विम्बल्डन, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला, एके काळचा अव्वल नंबरी माणूस. १९९७ मध्ये मनगटाची दुखापत आणि स्वतःच्या आयुष्यातल्या भानगडी यांत तो फार कमी खेळला, आणि त्या नोव्हेंबरात १४१ व्या क्रमांकावर आला. मग तो स्वतःच्या गावी, लास व्हेगासला, एक चॅलेंजर स्पर्धा खेळला. जिथे पोरं हाताने आकड्याच्या पाट्या पालटून स्कोअर दाखवतात अशा कोर्टवर. आणि गंमत म्हणजे तो ती जिंकलाही नाही. अंतिम सामन्यात जर्मनीच्या ख्रिश्चन विंकने त्याला हरवलं. पुढच्याच बरबँकच्या चॅलेंजरमध्ये तो जिंकला, १९९८ च्या अखेरीस सहाव्या क्रमांकावर आला, १९९९ मध्ये फ्रेंच ओपन जिंकून पुन्हा अव्वल झाला. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण तिचा शेवट गोड आहे. पण अगासीकडे खर्चायला पैसे होते आणि सगळ्या स्पर्धा त्याला वाइल्ड कार्ड द्यायला तयार होत्या. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याचं काय होतं ते बघायला आपल्याला लास व्हेगासला जायची गरज नाही. बालेवाडी पुरेशी आहे.

बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलं गेलं. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. टेनिसची कोर्टं त्याच आवारात आहेत. तिथली चॅलेंजर म्हणजे महाराष्ट्राच्या टेनिस संघटनेने केपीआयटीच्या मदतीने भरवलेली स्पर्धा. मी पुण्यातच राहत असल्याने तिथे जाणं व्हायचं. ज्यांनी टेनिस फक्त टीव्हीवर पाहिलं आहे त्यांना सांगतो, चॅलेंजरच्या पहिल्या फेरीची मजा और असते. प्रेक्षक मोजता येतील इतके. खेळाडू तुमच्यापासून दहा पावलांवर. चेंडू रॅकेटवर बसतो तो आवाज छातीत जाणवतो. बाजूच्या कोर्टवरच्या पंचाने स्कोअर पुकारला की तोही ऐकू येतो. आणि सामना संपल्यावर हरलेला माणूस स्वतःच आपली भलीमोठी बॅग उचलून चालू लागतो. त्याच्या मागे ना कॅमेरा, ना गर्दी.

२०१५ च्या त्या स्पर्धेत अंतिम सामना झाला दिल्लीचा युकी भांब्री आणि रशियाचा एव्गेनी डॉन्स्कॉय यांच्यात. युकी म्हणजे २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं ज्युनिअर विजेतेपद मिळवलेला मुलगा. काका ज्याला गाजावाजा म्हणतात तो तेव्हाचा. मोठ्यांच्या टेनिसमध्ये वर यायला मात्र त्याला सहा वर्षं लागली. त्या अंतिम सामन्यात त्याने डॉन्स्कॉयला दोन सेटमध्ये हरवलं. ८० गुण. त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो आयुष्यात पहिल्यांदा जगातल्या पहिल्या शंभरात पोचला, आणि त्या जोरावर २०१६ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला मुख्य फेरीत थेट खेळला. पहिल्याच फेरीत समोर टोमास बर्डिच आला आणि युकी हरला. पण वर सांगितलेला तो ३८,५०० चा चेक त्याचा होता. एवढ्यात पुढच्या बऱ्याच महिन्यांचा खर्च निघतो.

(डॉन्स्कॉयचं पुढे काय झालं? २०१७ च्या मार्चमध्ये दुबईत त्याने चक्क रॉजर फेडररला हरवलं, तीन मॅच पॉइंट वाचवून. फेडरर तेव्हा नुकताच ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून आला होता आणि डॉन्स्कॉय ११६ व्या क्रमांकावर होता. बालेवाडीत हरलेला माणूस! पहिल्या शंभराच्या काठावरचे हे लोक किती तोलामोलाचे असतात, हे यावरून कळावं.)

आता परतफेड. २०१६ च्या सुरुवातीला युकीच्या कोपराने दगा दिला. कित्येक महिने खेळणं बंद. इकडे आठवडे सरत होते आणि एकेक करून २०१५ चे गुण गळत होते. शांघायच्या चॅलेंजरचे गेले, मग ऑक्टोबर संपताना पुण्याचेही ८० गेले. वर्षअखेरीला तो चारशेच्याही पलीकडे होता. एकाही सामन्यात वाईट न खेळता तीनशेहून जास्त पायऱ्या खाली! दुखापत झालेल्यांसाठी 'प्रोटेक्टेड रँकिंग'ची सोय असते, नाही असं नाही. सहा महिने किंवा जास्त काळ बाहेर राहिलेल्याला काही ठरावीक स्पर्धांत जुन्या क्रमांकावर प्रवेश मिळतो. पण फक्त प्रवेश. गुण शून्यापासूनच जमवायचे आणि मानांकनही मिळत नाही. भाड्याचं घर सुटल्यावर पाहुणा म्हणून चार दिवस राहू द्यावं, तसं ते आहे.

त्याच ऑक्टोबरमध्ये बालेवाडीत दुसराच अंतिम सामना झाला. चेन्नईचा प्रज्ञेश गुणेश्वरन विरुद्ध फ्रान्सचा सादियो डुम्बिया. प्रज्ञेशची कथा युकीच्या उलटी. गुडघ्यांच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने त्याची विशीतली जवळजवळ पाच वर्षं खाल्ली होती. ज्या वयात बाकीचे जिना चढतात त्या वयात हा उपचार घेत बसला होता. त्या अंतिम सामन्यात पहिला सेट जिंकून तो हरला. म्हणजे ८० च्या जागी ४८. बत्तीस गुणांचा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत कुठल्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळणार आणि कुठे आधी पात्रता फेरी खेळावी लागणार, हे त्या बत्तीसवर ठरू शकतं.

प्रज्ञेशला त्यानंतर शंभराच्या आत यायला आणखी सव्वादोन वर्षं लागली. २०१९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो तिथे पोचला. एप्रिलमध्ये ७५ व्या क्रमांकावर होता. त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत खेळला आणि चारही वेळा पहिल्या फेरीत हरला. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याने निवृत्ती जाहीर केली. यात 'काही झालं नाही' असं नक्की काय आहे? पाच वर्षं गुडघे धरून बसलेला माणूस जगातला पंचाहत्तरावा होतो! आपल्यापैकी कोण कुठल्या कामात जगात पंचाहत्तरावा आहे? मी तर आमच्या सोसायटीतही नसेन :)

आणि जिंकलेला डुम्बिया? पुण्याचं ते त्याचं चॅलेंजर पातळीवरचं एकेरीतलं एकमेव विजेतेपद ठरलं. एकेरीत तो पुढे दोनशेच्या आत कधी आला नाही. मग तो दुहेरीकडे वळला आणि फाब्यां रबूलच्या जोडीने एटीपी टूरवर विजेता झाला. म्हणजे त्या अंतिम सामन्यात हरलेला एकेरीत वर गेला आणि जिंकलेल्याने एकेरी सोडली. कोर्टवर बसून त्या दिवशी कुणी हे भविष्य सांगितलं असतं तर लोक हसले असते.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये युकी पुन्हा बालेवाडीत आला. मधल्या काळात तो खालून वर सरकत होता. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला त्याने गतविजेत्या गाएल माँफिसला हरवलं, तेव्हा तो दोनशेव्या क्रमांकावर होता. पुण्याच्या अंतिम सामन्यात समोर होता रामकुमार रामनाथन, ज्याने त्याच उन्हाळ्यात अंताल्याला डॉमिनिक थीमला धूळ चारली होती. दोन भारतीयांचा अंतिम सामना. पहिला सेट रामकुमारने ६-४ घेतला, पुढचे दोन युकीने ६-३, ६-४. दोन वर्षांपूर्वी याच गावात मिळवलेले आणि कोपराच्या दुखण्यात गमावलेले गुण त्याने जवळपास तिथूनच परत आणले. पुढच्याच आठवड्यात बंगळुरूच्या चॅलेंजरमध्ये उपांत्य फेरीत त्याला सुमित नागल नावाच्या वीस वर्षांच्या पोराने हरवलं, आणि तो पोरगा ती स्पर्धा जिंकला. एक जण वर येतो आहे, एक जण परत येतो आहे, आणि दोघांची गाठ अशा मधल्या पायरीवर पडते. एटीपी टूरवर हे इतकं स्पष्ट दिसत नाही.

युकी २०१८ च्या एप्रिलमध्ये ८३ व्या क्रमांकावर गेला. त्याही वर्षी तो चारही ग्रँड स्लॅम खेळला. आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून गुडघा. या वेळी दोन वर्षांहून जास्त काळ बाहेर. पुन्हा एकदा सगळे गुण गेले. २०२१ मध्ये तो परत आला, एकेरीचा जिना पुन्हा चढून बघितला, आणि मग दुहेरीवर लक्ष द्यायचं ठरवलं. २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये न्यूझीलंडच्या मायकल व्हीनसबरोबर तो दुहेरीच्या उपांत्य फेरीत पोचला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. दोनदा शून्यावर आलेला माणूस! आपल्या पुण्याच्या अर्जुन कढेचंही तसंच. एकेरीच्या ड्रॉमध्ये इथे त्याला बघायची सवय होती. त्याने ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर २०२४ मध्ये अल्माटीला एटीपीचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं.

मधल्या काळात बालेवाडीला बढती मिळाली. चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ पासून पुण्यात आली. पहिल्या वर्षी जील सिमोन जिंकला, दुसऱ्या वर्षी केविन अँडरसन. स्टँड भरले, जाहिराती लागल्या. २०२३ च्या जानेवारीत नेदरलँड्सचा टालोन ग्रीकस्पूर शेवटचा विजेता ठरला आणि मग ती स्पर्धा देशाबाहेर गेली. चॅलेंजर तेवढी आपल्याकडे राहिली. अनेकांना त्याचं वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण थोडंच. कारण आपल्या मुलांच्या दृष्टीने बघितलं तर एटीपी स्पर्धेत त्यांना एखाददुसरं वाइल्ड कार्ड आणि बहुधा पहिल्या फेरीतला पराभव. चॅलेंजरमध्ये मात्र त्यांना खरोखर जिंकायची संधी असते, तीही परदेशी प्रवासाचा खर्च न करता.

त्या खर्चाचा अंदाज सुमित नागलने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अख्ख्या देशाला दिला. भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, आणि त्याने सांगितलं की बँकेत ९०० युरो आहेत, म्हणजे ऐंशी हजार रुपये. वर्षभर टूरवर राहायला लागतात ऐंशी लाख ते एक कोटी. पाचच महिन्यांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, तो चेन्नईची चॅलेंजर जिंकून शंभराच्या आत आला. जुलैमध्ये ६८ व्या क्रमांकावर होता. आणि २०२५ च्या सुरुवातीला, आदल्या वर्षीच्या गुणांची मुदत भरल्यावर, पुन्हा शंभराच्या बाहेर. लगेच आपल्याकडे 'नागल संपला' सुरू झालं. संपला कुठे? उसने परत करायची तारीख आली होती, एवढंच.

शेवटचं उदाहरण, आणि ते मला सगळ्यात आवडतं. २०२४ च्या फेब्रुवारीत बालेवाडीची चॅलेंजर मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोने जिंकली, अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ॲडम वॉल्टनला हरवून. बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली असेल. त्या जूनमध्ये वाशेरो ११० व्या क्रमांकापर्यंत गेला. शंभराला दहा कमी. मग दुखापत, आणि घसरण. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याचे १०० गुण नेमाप्रमाणे गेले. त्या ऑक्टोबरमध्ये तो २०४ व्या क्रमांकावर होता आणि शांघायच्या मोठ्या स्पर्धेत पात्रता फेरीतसुद्धा त्याचा थेट नंबर नव्हता, कुणी गळलं तर आत अशी स्थिती. कुणीतरी गळलं. तो नऊ सामने जिंकला. वाटेत आपल्या बालेवाडीचा ग्रीकस्पूर भेटला, त्याला हरवलं. उपांत्य फेरीत नोव्हाक जोकोविचला हरवलं, आणि अंतिम सामन्यात आपल्याच मावसभावाला की आतेभावाला (बातम्यांत नुसतं 'कझिन' म्हणतात, आपल्यासारखी सोय त्यांच्या भाषेत कुठली!) आर्तूर रिंदरक्नेशला. मास्टर्स १००० दर्जाची स्पर्धा जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू आजवर झाला नव्हता. अकरा लाख डॉलरहून मोठा चेक, आणि सोमवारी क्रमांक ४०.

समजा त्या ऑक्टोबरात ते एक नाव गळलं नसतं. तर वाशेरोबद्दलही आपण तेच म्हणालो असतो... पुण्यात एकदा जिंकला होता, पुढे काही झालं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की चॅलेंजरच्या बत्तीस नावांत 'पुढे गेलेले' आणि 'राहून गेलेले' असे दोन ढीग करता येत नाहीत. त्या आठवड्यात ते बत्तीस जण साधारण एकाच तोलाचे असतात. पुढचं बरंच काही कोपरावर, गुडघ्यावर, बँकेतल्या शिलकीवर आणि कुणीतरी ऐनवेळी गळण्यावर ठरतं. त्यांच्या हातात असतं ते इतकंच, की गुण गेले तर ते परत मिळवायला पुन्हा यायचं. युकी दोनदा आला. प्रज्ञेश पाच वर्षांनी आला. मला ते विजेतेपदापेक्षा कमी वाटत नाही.

असो. फार लांबलं. पुढच्या वेळी बालेवाडीत चॅलेंजर असेल तेव्हा जमलं तर जाऊन या, आणि रविवारच्या फायनलपेक्षा सोमवारी-मंगळवारी जा. पहिली फेरी तेव्हा असते. दुपारच्या उन्हात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, सोळा जण शून्य गुण घेऊन बॅग उचलतात आणि पुढच्या गावाच्या पात्रता फेरीत आपलं नाव लागलंय का ते फोनवर बघत बाहेर पडतात. जमलं तर टाळ्या वाजवा. तिथे त्या ऐकू जातात.